काकू, मनात विचारा ना

माझा पहिला खराखुरा डाव मी चार चालींत हरले. तोही नऊ वर्षांच्या मुलाकडून, सोसायटीच्या गणपतीच्या मांडवात, प्रसादाच्या ताटाशेजारी. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत बुद्धिबळाच्या मोठ्यांच्या गटात कुणी नाव देईना. तेव्हा ‘तुम्हाला येतं ना थोडंफार?’ म्हणत मंडळाच्या पोरांनी मला सरळ छोट्यांच्या गटात बसवलं. मला येतं, हा माझा पन्नास वर्षांचा समज होता.

बी विंगमधल्या त्या मुलानं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मीही टाकलं. त्यानं उंट काढला, मी घोडा काढला. त्यानं वजीर थेट पटाच्या कडेला नेऊन ठेवला. इतक्या लवकर वजीर भटकायला काढतोय म्हणजे याला काही कळत नाही, असं मनाशी म्हणत मी दुसरा घोडा काढला आणि त्याच्या वजिरावर रोखला. त्यानं माझ्या राजाच्या उंटापुढचं प्यादं वजिरानं मारलं आणि सरबताचा पेला उचलला. ‘मात, काकू.’ मला पटेना. राजानं वजीर मारावा, तर वजिरामागे उंटाचा जोर. पळावं, तर जागा नाही. माझेच मोहरे मला घेरून उभे.

डावाच्या सुरुवातीला ते घर पटावरचं सगळ्यात दुबळं घर असतं, कारण तिथल्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो, हे मला नंतर कळलं. उपायही अगदी साधा. घोड्यापुढच्या प्याद्यानं एक पाऊल टाकून वजिराला हुसकायचं, मग घोडा काढायचा. पण मांडवात बसून मला फक्त माझा घोडा दिसत होता आणि त्या घोड्याचं कौतुक वाटत होतं.

‘जोर’, म्हणजे एका मोहऱ्याला आपल्याच दुसऱ्या मोहऱ्याचं पाठबळ, हा शब्द अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. चिपळूणच्या घरी पावसाळ्यात पडवीत त्यांचा आणि शेजारच्या तात्यांचा डाव पडायचा, देशी पद्धतीचा. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजा हत्तीकडे सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवणं, नाही; त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्याद्यानं दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, सगळ्यात मानाची. तशी बसली की तात्या दोन दिवस आमच्याकडे फिरकायचे नाहीत. मी शेजारी बसून शेंगा सोलायची आणि अण्णा मोहरा उचलण्याआधी पुटपुटायचे, ‘जोर आहे का? जोर आहे का?’ तेव्हा तो त्यांचा चाळा वाटायचा.

एवढ्या भांडवलावर मी मांडवात उतरले होते. दुसऱ्या डावात त्या मुलानं माझ्या प्याद्याच्या शेजारून तिरकं जाऊन माझं प्यादं उचललं, तेव्हा मी चक्क ‘चीटिंग करतोस?’ म्हणाले. आजूबाजूची पोरं हसली. तो मात्र हसला नाही. ‘तुमचं प्यादं दोन घरं उडी मारून माझ्या समोरून पळत होतं ना काकू, म्हणून. एकच घर आलं असतं तर मी मारलंच असतं की नाही?’ हा नियम इतक्या सरळ शब्दांत मला पुढे कुठेही सापडला नाही. देशी खेळात प्याद्याला दोन घरांची मुभाच नाही, त्यामुळे त्या नियमाची गरजच पडत नाही.

विसर्जन झालं आणि मी फोनवर बुद्धिबळ उतरवून घेतलं. नव्याची नवलाई म्हणून नाही; राग म्हणून.

पुढचे तीन आठवडे वाया गेले त्याची हकिगत थोडक्यात सांगते, कारण बहुतेक नवशिके हेच करतात असं आता मला दिसतं. मी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली, शिकत बसले. सिसिलियन बचावातला नायडॉर्फ नावाचा प्रकार. नाव भारदस्त, व्हिडिओत शिकवणाराही भारदस्त. पाचव्या चालीला कडेचं प्यादं एक घर पुढे टाकायचं, त्यावर पांढऱ्यानं उंट आणला तर हे, प्यादं टाकलं तर ते. वही भरली. खेळायला बसले की समोरचा तिसऱ्याच चालीला कुठल्याही व्हिडिओत नसलेलं काहीतरी करायचा, वजीर काढायचा नाहीतर कडेची प्यादी ढकलत सुटायचा. माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, तेव्हा ४३० होतं. समोरच्याचंही तेवढंच. त्यानं नायडॉर्फचं नावही ऐकलेलं नसणार, मग तो माझ्या वहीप्रमाणे कशाला खेळेल? लग्नाआधी बारशाची तयारी, दुसरं काय.

सुरुवातीला लागतं ते एवढंच: मधल्या घरांवर प्यादं, घोडे आणि उंट बाहेर, राजाला किल्लेकोटात लवकर पोचवायचं, आणि तोच तो मोहरा कारणाशिवाय पुन्हा पुन्हा नाचवायचा नाही. घोडा मध्यात का, तर मधल्या घरातून तो आठ घरांवर नजर ठेवतो आणि कोपऱ्यातून फक्त दोन. हे पाच मिनिटांत कळतं. मला तीन आठवडे लागले, ते अभ्यासाच्या हौसेपायी.

मी वाशीतल्या एका ऑफिसात लेखापरीक्षण करते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, व्हाउचरं जुळवली, बँकेच्या पासबुकाशी खतावणी ताडून पाहिली. आणि स्वतः हरलेला डाव संपला की मी काय करत होते? ‘पुन्हा खेळा’चं बटण दाबत होते. कुणी कारकून असा वागला असता तर मी त्याच्यावर दोन पानी शेरा लिहिला असता.

तेव्हा दोनशे पानी वही घेतली. चार रकाने. डावाचा क्रमांक, कितव्या चालीला घसरले, तेव्हा मी काय बघत होते, काय बघायला हवं होतं. चाळीस हरलेले डाव तपासले. महिना गेला. ऑडिटचा निष्कर्ष असा.

चाळीसपैकी एकतीस डाव मी एका चालीत घालवले होते. डावपेचात हरले नव्हते. मोहरा बिनजोर घरात ठेवला होता आणि समोरच्यानं उचलला होता. आजकालची मुलं याला ‘हँगिंग’ म्हणतात. मला अण्णांचा ‘बिनजोर’ जास्त आवडतो, कारण त्यात दोष कुठे आहे ते सांगितलेलं आहे. दुसरी नोंद पहिलीपेक्षा लाजिरवाणी. त्याच चाळीस डावांतल्या बावीस डावांत समोरच्यानंही मला काहीतरी फुकट देऊ केलं होतं आणि मी ते घेतलंच नव्हतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी म्हण आहे. आमच्या डावात दोन्हीकडे आंधळे होते आणि कुत्रीही उपाशी.

खरी माहिती तिसऱ्या रकान्यात होती, ‘तेव्हा मी काय बघत होते’ या. मोहरा आपणहून चुकीच्या घरात जातोय असं क्वचितच झालं होतं. बहुतेक वेळा एखादा मोहरा उठून गेला आणि तो ज्याला जोर देत उभा होता तो मागे उघडा पडला. आपल्याकडे लग्नघरात होतं तसं. सगळे वरातीला धावतात आणि दागिन्यांच्या खोलीपाशी कुणी उरत नाही. दुसरं, मागे येणाऱ्या चाली मला दिसत नव्हत्या. वजीर, उंट पुढे झेपावताना दिसायचे, पण लांबच्या तिरक्या रेषेवरून परत मागे येऊन मारतील, हे डोक्यातच येत नव्हतं. घोड्याचं तर विचारूच नका. आणि तिसरं, जे लिहितानाही मला हसू येत होतं: माझ्या कितीतरी घोडचुका चांगल्या चालीनंतरच्या चालीला होत्या. काहीतरी मारलं, आनंद झाला, आणि त्या आनंदात पुढची चाल खेळले.

हे सगळं मी आधी यंत्र न लावता तपासलं. फोनमधलं यंत्र क्षणात सांगतं की इथे ही चाल हवी होती, तुम्ही आता उणे तीनवर, म्हणजे तीन प्याद्यांइतक्या मागे आहात. काय ते सांगतं. का ते सांगत नाही. आधी आपण शोधायचं आणि मग यंत्राकडून ताडून घ्यायचं, पासबुकाशी खतावणी ताडतो तसं. यंत्रानंच खतावणी लिहिली तर कारकुनाला काय कळणार?

बी विंगमधला मुलगा एव्हाना रविवारी दुपारी आमच्याकडे येऊ लागला होता. त्याच्या आईला तासभर झोप मिळे, त्याला थालीपीठ, मला मार. वहीचा निष्कर्ष मी त्याच्यावर लागू केला. त्यानं चाल केली की आपला विचार बाजूला ठेवून आधी विचारायचं, ‘हे का केलं?’ आणि खेळण्याआधी तीन गोष्टी चाचपायच्या: शह कुठे, मार कुठे, धमकी कुठे, आधी त्याच्या, मग माझ्या. सवय नव्हती, म्हणून मी ते मोठ्यानं विचारत असे. तो घोडा ठेवायचा, मी म्हणायची, ‘हे का केलंस रे?’

चार-पाच वेळा झाल्यावर तो वैतागला. ‘काकू, मनात विचारा ना. तुम्ही मोठ्यानं विचारलं की मला कळतं मी चुकलोय, मग मजा येत नाही.’

म्हणजे त्यालाही कारण ठाऊक नसायचं! मला मोठाच दिलासा मिळाला. तो सहज खेळतो, हात उचलतो आणि ठेवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर पडतं. मला तसं पडणार नाही. मला विचारूनच खेळावं लागेल. हे स्वीकारायला फार जड गेलं नाही, पण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची सवय लावायला मात्र दोन महिने लागले. घोडबंदर रोडवर पाटी असते ना, अति घाई संकटात नेई, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं आहे असंही नाही. २००६ साली जर्मनीत बॉन इथे तेव्हाचा विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाविरुद्ध खेळत होता. दुसऱ्या डावात चौतिसाव्या चालीला त्यानं वजीर हलवला आणि पुढच्याच चालीला मात बसली. एका चालीची मात, समोर असलेली, विश्वविजेत्याला दिसली नाही. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे तुम्ही क्रामनिकसारख्या खेळता.’ थालीपीठ अर्धंच दिलं त्या दिवशी.

सरावासाठी मला रोज जायचा-यायचा प्रवास मिळून तास आहे. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची, बायकांच्या डब्यात दाराजवळची नाही तर आतली खिडकी धरायची, आणि फोनवर कोडी सोडवायची. ‘लिचेस’ या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ती फुकट आहेत, जाहिरातीही नाहीत. सुरुवातीला मी वाशीपर्यंत तीसेक कोडी उडवायची. दिसली चाल की टाक, चुकली तर पुढची. मग लक्षात आलं की मी डावातलीच सवय इथेही पक्की करतेय. आता नियम असा आहे की शेवटची चाल डोक्यात दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही. ऐरोली ते रबाळे एकच कोडं. कधीकधी घणसोली गेलं, कोपरखैरणे गेलं, तुर्भे आलं तरी तेच कोडं. त्यातलं एक सुटलं की दिवसभर ऑफिसात माझ्या चेहऱ्यावर ते दिसतं म्हणे.

कोड्यांतून काय शिकतो ते कळायला मला त्या मुलाचीच मदत झाली. एका रविवारी मी म्हणाले, गेल्या आठवड्यात मी वजीर घालवला तो डाव आठवतो का? त्यानं उत्तर न देता पटावर सोंगट्या मांडल्या. सगळ्या. माझी, त्याची, मेलेली बाजूला. मी वहीत पाहिलं. एक प्यादं सोडून बरोबर. मला वाटलं, या वयात स्मरणशक्तीच अशी असते, आपली गेली आता.

पण ती स्मरणशक्ती नव्हे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा, झाकायचा आणि आठवणीतून मांडायला सांगायचं. कसलेला खेळाडू पंचवीसेक मोहऱ्यांपैकी पंधरा-सोळा नीट मांडायचा, नवशिका चार-पाच. मग तेवढेच मोहरे पटावर कसेही, अर्थ नसलेल्या जागी विखरून ठेवले, तर कसलेल्याचा तोरा जवळजवळ उतरायचा. तो आणि नवशिका सारखेच. म्हणजे कसलेल्याची आठवण तल्लख नसते. त्याला पट सुटा सुटा दिसतच नाही. किल्लेकोटातला राजा, त्यापुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती, हे त्याला एकच चित्र असतं. आपल्याला ‘कोपिनेश्वर’ वाचताना पाच अक्षरं दिसत नाहीत, तलावपाळीच्या कडेचं देऊळ दिसतं, तसं. कोडी सोडवायची ती ही अक्षरं जुळावीत म्हणून. घोड्याचा एकाच वेळी दोघांवर मारा, उंटानं राजापुढे खिळवून टाकलेला मोहरा, मागच्या रांगेत स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला राजा. हीच पाच-दहा चित्रं वेगवेगळ्या वेषांत येतात. ती ओळखू यायला लागली की ‘धमकी कुठे’ या प्रश्नाला उत्तर मिळायला लागतं. नाहीतर विचारूनही दिसत नाही. हेही मला वहीनंच दाखवलं; बऱ्याच ठिकाणी मी प्रश्न विचारला होता आणि तरी वजीर गेला होता.

२०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आठवडाभर डब्यात मला फार भाव होता. रोज रबाळ्याला उतरणाऱ्या एक बाई माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, ‘ती मुलगी खेळते तेच ना हे?’ मी हो म्हटलं. ‘आणि तुम्ही काय करता?’ मी म्हटलं, ‘तेच, पण हळू.’

आता एका रात्रीची कबुली देते. तीन मिनिटांचे डाव. नवऱ्याला झोप लागलेली, मी अंधारात, एक हरले, मग तो भरून काढायला दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी ‘हा शेवटचा’. पावणेदोनला थांबले तेव्हा तीन महिन्यांत कमावलेले एकशे वीस अंक गेले होते. तीन पत्तीत हरलेल्या माणसाला मी आजवर नावं ठेवत आले होते. तीन मिनिटांच्या डावात ‘का केलं’ विचारायला वेळच नसतो. जे आधीपासून हातात मुरलंय तेच बाहेर पडतं, आणि माझ्या हातात तोवर फक्त चुका मुरल्या होत्या. तेव्हापासून पंधरा मिनिटांचा डाव, प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा, रात्री दहाच्या आत, आणि लागोपाठ दोन हरले की फोन चार्जिंगला. तीन मिनिटांचे डाव वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. मला झेपत नाहीत.

नेरूळला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची खुली स्पर्धा होती, स्विस लीग पद्धतीनं सहा फेऱ्या. स्विसमध्ये कुणी बाद होत नाही. जिंकत गेलात तर जिंकणाऱ्यांशी गाठ, हरत गेलात तर हरणाऱ्यांशी. मला हे माणुसकीचं वाटलं, म्हणून नाव दिलं. बाहेर पालक डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन सतरंजीवर बसलेले. आत शंभरेक मुलं आणि मी. पहिल्या फेरीत समोर सात वर्षांची मुलगी, पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. तिनं माझा हत्ती मारला आणि मग सावकाश, सुंदर अक्षरात, कागदावर चाल लिहिली. दुसऱ्या फेरीला खेळाडूंची संख्या विषम झाली आणि भोपळा मिळालेल्यांत मला बाय मिळाला. न खेळता एक गुण. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘बघ, न खेळलीस की जिंकतेस.’

तिसऱ्या फेरीत हात लावलेला मोहरा खेळावा लागतो हा नियम भोवला. उंटाला बोट लागलं आणि क्षणात दिसलं की उंट हलला की मागचा घोडा बिनजोर. पण पंच मागेच उभे. चौथी जिंकले, खरोखर जिंकले. आणि पाचव्या फेरीत ते झालं जे मी अजून विसरलेले नाही.

माझ्याकडे राजा आणि वजीर. समोरच्या दहा वर्षांच्या मुलाकडे नुसता राजा. मला पद्धत माहीत होती: वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या अंतरावर ठेवायचा आणि तो जिकडे सरकेल तिकडे आपणही सरकायचं, नक्कल केल्यासारखं, म्हणजे तो आपोआप कडेला लागतो. लागला. कोपऱ्यात गेला. मी पुन्हा नक्कल केली. त्यानं पट बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले. ‘स्टेलमेट!’ राजाला शह नाही आणि हलायला घर नाही, म्हणजे बरोबरी. नक्कल कोपऱ्याच्या आधी थांबवायची असते, त्याच्या राजाला मागेपुढे व्हायला दोन घरं ठेवून आपला राजा जवळ आणायचा असतो. हे मी वाचलं होतं. केलं नव्हतं. सहापैकी अडीच गुण झाले माझे, त्यातला एक बायचा.

नेरूळहून ठाण्याला येणाऱ्या गाडीत मी फोनवर यंत्राविरुद्ध राजा-वजीर विरुद्ध राजा हा एकच शेवट खेळत आले. जुईनगरपर्यंत दोनदा पुन्हा कोंडून टाकलं त्याला. ऐरोलीनंतर चुकेना झालं.

क्यूबाचा कापाब्लांका १९२१ ते १९२७ विश्वविजेता होता. त्याचं मत होतं की शिकायला शेवटापासून सुरुवात करावी. मला हे आधी उलटं वाटायचं. पटावर चारच मोहरे असताना प्रत्येकाला काय येतं ते स्पष्ट दिसतं, आणि बत्तीस असताना काहीच दिसत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. दोन हत्तींनी रांगेरांगेनं राजाला कडेला नेणं, मग वजिरानं, मग एका हत्तीनं. मग राजा आणि एक प्यादं. शिवाय शेवट माहीत नसेल तर मध्ये मारामारी करून मोहरे कमी करावेत की नाही हे ठरवायचं कशावर? सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या लढतीत, १२ डिसेंबर २०२४ला चौदाव्या, शेवटच्या डावात असंच झालं. गुण सारखे, डाव बरोबरीकडे चाललेला. तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेननं पंचावन्नाव्या चालीला हत्तीवर हत्ती घालून मारामारी देऊ केली. त्याचा उंट पार कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशनं आपला उंट त्याच्यासमोर आणून ठेवला. उंटही मारले गेले, आणि उरले राजे, गुकेशची दोन प्यादी आणि डिंगचं एक. तो शेवट हरलेला होता. अठरा वर्षांचा मुलगा विश्वविजेता झाला. रात्री बातम्यांत डिंगचा चेहरा दाखवला तेव्हा मला नेरूळची ती खुर्ची आठवली. तुलना नाही करत, आठवली इतकंच.

या सगळ्या शेवटांत माझा लाडका आहे तो चौकोन. प्यादं वजीर व्हायला धावतंय, त्याच्या जवळ आपलं कुणी नाही, आणि समोरचा राजा मागे लागलाय. पकडेल का? पावलं मोजायची नाहीत. प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत तिरकी रेषा काढायची, तिच्यावर चौकोन उभा करायचा. राजा त्याच्या चालीला चौकोनात पाऊल टाकू शकला तर प्यादं सापडलं, नाही टाकता आलं तर सुटलं. एका नजरेत उत्तर. पंचवीस वर्षांत इतका नेटका ताळा मी कुठल्या खतावणीत पाहिला नाही.

माझं फोनवरचं रेटिंग सध्या ८९० आहे. वहीची दुसरी शंभर पानं सुरू झाली आहेत. बिनजोर मोहऱ्यांचा रकाना अजून रिकामा राहत नाही, पण दर पानावर नोंदी कमी आहेत. नव्या चुका सापडताहेत, ज्या करण्याइतका डाव आधी लांबतच नव्हता.

गेल्या रविवारी आमचा डाव तासभर चालला. दोघांचे वजीर गेले, हत्ती गेले, शेवटी राजे आणि काही प्यादी. मी एकदाही मोठ्यानं काही विचारलं नाही. त्यानंच मध्ये विचारलं, ‘काकू, गप्प का?’ माझं कडेचं प्यादं सुटलं. तेवढ्यात खालून त्याच्या आईनं हाक मारली, अबॅकसच्या क्लासची वेळ झाली होती. तो पटाकडे बघत चपला घालत होता, एक पाय चुकीच्या चपलेत. ‘तसंच ठेवा हां. हलवायचं नाही.’

टीपॉय तसाच आहे. मावशींना तिथे फडकं मारू नका म्हणून सांगितलंय, नवऱ्यानं चहाचा कप ठेवला होता तो उचललाय. येताजाता मी बोटानं तिरकी रेषा काढते. प्याद्याला तीन पावलं उरली आहेत. त्याचा राजा चौकोनाच्या बाहेर, बरोबर एक घर.

आणि चाल त्याची आहे.